डावा हात डोक्यावर

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी विभूती लावून जपाला बसलो. साठ-सत्तरपर्यंत गेलो असेन, तेवढ्यात उमाबाईनं आतून विचारलं, "चहात आलं घालू का?" अंगठा कुठल्या पेरावर होता तेच विसरलो. पुन्हा पहिल्यापासून. पस्तीस वर्षं संसार झाला, तरी या बाईला जपाची वेळ कळत नाही.

आजपासून पुन्हा डायरी. त्याला कारण आहे. शाळेत नवीन बाई आल्या आहेत आणि जे दिसेल ते मला तारखेनिशी लिहून ठेवायचं आहे. उद्या कुणी विचारलं तर माणिकप्पा गुरुजी हवेत बोलत नव्हते, हे कागदावर दिसलं पाहिजे.

नाव नाझनीन. वय अठ्ठावीस-एकोणतीस. आधीची शाळा पट कमी झाला म्हणून बंद पडली, दिवाळीनंतर आमच्याकडं पाठवलं. आई फरीदाबी उमरीत बांगड्या भरते. बाईंची शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं जानेवारीअखेर संपतात. पुढं कायम करायचं की घरी बसवायचं, हे मुख्याध्यापकाच्या अहवालावर ठरणार, म्हणजे माझ्यावर. मे महिन्यात मी रिटायर होतोय. जाता जाता नको त्या माणसाला कायम करून गेला, असं कुणी माझ्यामागं म्हणू नये.

त्यांना तिसरी दिली आहे. एकोणीस लेकरं. त्यातलं एक आमचंच, सुकन्या, माझी नात. मुलगा-सून लातूरला नोकरीला, म्हणून ती आमच्याकडं असते. पोरगी गणितात कच्ची. दुसरीला मीच शिकवलं. पाढा म्हणायला उभी केली की सातावर अडायची आणि माझ्या तोंडाकडं बघत राहायची. बाकीची घडाघडा म्हणत होती. मला लाज वाटायची, खोटं कशाला लिहू.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तिसरीच्या दारात उभा राहिलो. बाईंनी घरून पत्र्याची पेटी आणली आहे. आत बांगड्या. प्रत्येक लेकरापुढं एक एक डझन. पोरींचं एकवेळ समजू, पण फरहानसारख्या दांडग्या पोरापुढंही हिरव्या बांगड्या मांडलेल्या.

मी म्हणालो, "बाई, दुकान इथंच लावायचंय का?"

"गणिताला आणल्यात, सर. बारा फोडून राहिलोत."

"म्हणजे?"

"सात आन् पाच. आठ आन् चार. सहाच्या दोन जोड्या, तीनाच्या चार."

"हे पहिलीतच झालं. पुस्तक कुठाय?"

"पुस्तकावर येते, सर. अजून चार लेकरं बारावरच अडायलीत. त्यांना सोडून पुढं गेलं तर ते कायमचे तिथंच बसतील."

उत्तर कसं अगदी तयार होतं. तयार उत्तराचा मला आधी संशय येतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दोन आठवडे होत आले, बारा काही संपेना. माझी दुसरी पुस्तकाच्या एकेचाळीस पानावर आहे, यांची तिसरी एकोणीसवर. वह्या तपासल्या, निम्म्या कोऱ्या. बाई दिवसभर करतात तरी काय? बोलतात. एकच गोष्ट सात प्रकारे विचारतात. लेकरू चुकलं तर "बरं, मग सांग कसं काढलंस?" असं विचारतात. चुकलेल्याला कसं काढलं विचारून काय मिळणार?

आज मागच्या खिडकीतून पाहिलं. खरी गोष्ट तिथं दिसली. बाईंनी विचारलं, "पाच पेट्या, एकेकीत बारा." सगळी लेकरं गप्प. ओठसुद्धा हलत नव्हते. पण एकूण एक पोराचा डावा हात मांडीत, आणि त्या हाताचा अंगठा बाकीच्या बोटांवरून सरकत होता. मग एकदम दहा-बारा जण, "साठ."

मी आत गेलो. माझी चाहूल लागल्याबरोबर एकोणीस डावे हात पाठीमागं. एकोणीसच्या एकोणीस.

गुन्हा नसेल तर हात लपवायचे कशाला?

फरहानला उभं केलं. "काय करून राहिलास हातानं?"

"कुठं काय, सर."

"दाखव."

तळहात कोरा. शाईचा ठिपका नाही. म्हणजे लिहून आणलेलं नाही. म्हणजे खुणा.

बोटावर मोजत असतील असंही क्षणभर वाटलं, पण ते शक्य नाही. बोटावर मोजणारं पोर एकेक बोट दुमडतं, ते मी लांबून ओळखतो. शिवाय माझ्या हाताखालून गेलेलं पोर बोटावर मोजूच शकत नाही. दुसरीच्या पहिल्या दिवशी मी सांगून टाकतो, बोट वाकलेलं दिसलं की पट्टी. मारत नाही, कायदा आहे. टेबलावर आपटतो फक्त. तेवढ्यानं वर्षभराचं काम होतं.

३ डिसेंबर, बुधवार

खुणांची यादी करायला घेतली आहे. अंगठा करंगळीच्या बुडाशी: बहुतेक पर्याय 'अ'. अंगठा मधल्या बोटाच्या टोकाला: 'क' किंवा 'ड'. पण एकाच प्रश्नाला फरहानचा अंगठा एकीकडं आणि सुकन्याचा दुसरीकडं असतो, आणि उत्तर मात्र एकच येतं. लई पक्की भाषा बसवलेली दिसते.

बाईंना सरळ विचारावं असं दोनदा मनात आलं. पण विचारलं तर सावध होतील. नको.

जेवताना सुकन्याला विचारलं, "बाई तुम्हाला खुणा शिकवतात का?"

"न्हाई आजोबा."

"मग डाव्या हातानं काय करता?"

तिनं डावा हात फ्रॉकखाली सरकवला. "काई न्हाई."

उमाबाई मध्येच म्हणाली, "जेवू द्या की लेकराला. तुमच्यापुढं हात कुठं ठेवावा हेच कळंना तिला." उमाबाईनं तिला लाडावून ठेवलंय.

आणखी एक नोंद. ही पोरगी हल्ली शाळेतून काहीतरी गुणगुणत येते. दारात माझ्या चपला दिसल्या की गप्प होते. घरी तोंड उघडायचं नाही, असं बाईंनी बजावलेलं असणार. दुसरं काय कारण असू शकतं?

१६ डिसेंबर, मंगळवार

केंद्राच्या चाचणीचा निकाल आला. अकरा शाळांत आमची तिसरी पहिली. सुकन्याला पंचवीसपैकी चोवीस.

कागद बघितला तेव्हा माझे डोळे भरून आले, ते लिहून ठेवतो. लगेच उमाबाईला फोन लावायला घेतला. मग हात थांबला. सातावर अडणारी पोरगी. चोवीस. दीड महिन्यात.

केंद्रप्रमुख हणमंतरावांचा फोन आला. "माणिकप्पा, जाता जाता शाळेचं नाव काढलं बघा."

मी म्हणालो, "हाव. बघू."

"बघू काय? पेढे आणा."

चाचणीच्या दिवशी बाई दुसऱ्या शाळेवर होत्या, आमच्याकडं तिकडचे गुरुजी होते. तेव्हा खुणा पोरापोरांतच चालल्या असणार. म्होरक्या फरहान. तो पहिल्या रांगेत बसतो, सगळ्यांना त्याचा हात दिसतो. पेढे आणले नाहीत.

२० डिसेंबर, शनिवार

काल येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. शेतात कडब्याची कोप केली होती. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, सगळं झालं. उमाबाईनं बाईंना आणि फरीदाबीला जेवायला बोलावलं होतं. येळवशीला कुणाला नाही म्हणता येत नाही.

बाई दिवसभर सुकन्यासोबत हरभऱ्यात हिंडल्या. अहवालाचा विषय एकदाही काढला नाही. दुसरं कुणी असतं तर चारदा विचारलं असतं. हीच तर हुशारी.

पंगत बसताना उमाबाई म्हणाली, उंडे पुरतात की न्हाई कोण जाणे. सुकन्या म्हणाली, "पुरतात आजी. दोन दोन वाढले तर चार उरतात." खरंच चार उरले. उमाबाईनं आधीच मोजून ठेवले असतील आणि पोरीनं ऐकले असतील.

५ जानेवारी, सोमवार

आज सोक्षमोक्ष लावला.

पेपर मी स्वतः काढला. वीस उदाहरणं. कपाटात ठेवला, किल्ली करदोट्याला. पोरांना पटांगणात दोन-दोन हातांवर बसवलं. आणि ऐन वेळी हुकूम सोडला, "लिहायचं उजव्या हातानं. डावा हात डोक्यावर. शेवटपर्यंत."

एकोणीस लेकरं डोक्यावर हात ठेवून बसली. बाई पायरीवरून उतरून माझ्याजवळ आल्या. चेहरा उतरलेला.

"सर, हात मोकळा राहू द्या."

"का बरं?"

"अजून तिथंच आहेत ते. चार-पाच जणांचा सुटला, बाकीच्यांचा फेब्रुवारीपर्यंत सुटंल. आज काढून घेतला तर घाबरतील."

"म्हणजे डाव्या हाताचं काम आहे, हे तुम्हाला मान्य आहे."

"आहेच की, सर. मी त्यांना..."

"बास," मी म्हणालो. कबुली मिळाली होती. पुढं काय ऐकायचं?

पेपर दुपारीच तपासला. वीसपैकी दहाच्या वर फक्त पाच जण. बाकी सगळे धाडकन खाली. सुकन्यानं नुसतं नाव लिहिलं. पेपराचा एक कोपरा ओला होता.

फरहानला मात्र वीसपैकी वीस. डोक्यावर हात असून. म्होरक्याला सगळं पाठ असणारच.

९ जानेवारी, शुक्रवार

अहवाल लिहिला. "अध्यापन असमाधानकारक. अभ्यासक्रम मागे. विद्यार्थ्यांना उत्तरासाठी हस्तसंकेत शिकवल्याचे आढळले. सेवा पुढे चालू ठेवण्याची शिफारस करता येत नाही." स्कुटीवर उमरीला गेलो, कार्यालयात दिला, पोच घेतली.

येताना हलकं वाटायला पाहिजे होतं. तसं वाटलं नाही. थंडी फार होती.

सोमवारपासून सुकन्याचं गुणगुणणं बंद आहे. बाईंना मात्र अजून काही कळलेलं दिसत नाही. वर्गात पुन्हा बांगड्या काढल्या आहेत.

१५ जानेवारी, गुरुवार

आजच लिहायचं. उद्या मी हे सगळं माझ्या सोयीनं आठवीन.

काल संक्रांत झाली, आज शाळेला उशीर चालेल म्हणून सावकाश जपाला बसलो. सुकन्या उंबऱ्यावर बसून तीळगुळ खात होती. जप निम्म्याच्या पुढं गेला आणि नेहमीप्रमाणे आतून आवाज आला, "चहा ठेवू का?" मी विसरलो. डोळे उघडले आणि वैतागून म्हणालो, "झालं. आता पुन्हा पहिल्यापासून."

सुकन्या हळूच म्हणाली, "नव्व्याण्णव झाले, आजोबा. नऊच राहिले."

मी खाली पाहिलं. डाव्या हाताची आठ घरं, म्हणजे बाराच्या आठ फेऱ्या, झाली होती. उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या तिसऱ्या पेरावर होता. आठ वेळा बारा, वर तीन. नव्व्याण्णव.

माझा अंगठा पेरावर होता. एका बोटाला तीन पेरं, चार बोटांना बारा. लहानपणी माझ्या वडिलांनी माझा अंगठा धरून शिकवलं होतं. रोज सकाळी, पन्नास वर्षं. आणि मी त्याला खूण म्हणालो. कागदावर लिहून शिक्का मारून घेतला.

"तू कसं मोजलंस?" मी विचारलं.

तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले. भिंतीला टेकली. म्हणाली, "मी बोटं न्हाई लावली आजोबा, शपथ. नुसतं तुमच्या अंगठ्याकडं बघून डोक्यात केलं."

आठ वर्षांचं लेकरू. बरोबर उत्तर दिलं आणि माफी मागून राहिलं.

उरलेले नऊ झाले नाहीत.

१६ जानेवारी, शुक्रवार

उमरी. क्लार्क म्हणाला, "गुरुजी, आवक झाली. कागद परत निघत न्हाई. पाहिजे तर दुसरा जोडा." तिथंच उभ्यानं दुसरा लिहिला. "पहिल्या अहवालातील निष्कर्ष माझ्या गैरसमजातून काढलेले आहेत. विद्यार्थी बोटांच्या पेरांवर बाराचे गट मोजत होते. मी शिक्षिकेला एकदाही विचारले नाही."

हणमंतरावांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "एक हात, दोन अहवाल, एकमेकांच्या उलटे. कुठला धरू?"

"येऊन बघा."

"येतो गुरुवारी. पण पोरं चुकली तर पहिलाच धरावा लागंल."

शाळेत येऊन बाईंना सगळं सांगितलं. उभ्या होत्या, पेटीवर बसल्या. मग म्हणाल्या, "अम्मी अशीच मोजते, सर. गिऱ्हाइकाशी बोलत बोलत. डझन कधी चुकत नाही. म्हणलं, लेकरांना सोपं जाईल. आधी हातात धरायच्या बांगड्या, मग पेरं, मग काहीच नाही. तुम्ही एकदा विचारलं असतं तर..."

"हाव," मी म्हणालो.

"अम्मीला अजून सांगू नका. तिनं गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोरगी फेब्रुवारीत कायम होणार म्हणून."

मी कुणाला सांगणार? उमाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं." नेमकं काय वाटलं होतं ते विचारायचं धाडस झालं नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

हणमंतराव साडेदहाला आले. मला बाहेर थांबायचं होतं, पण ते म्हणाले, "दोन्ही अहवाल तुमचे, तुम्ही समोरच बसा." फळ्याजवळ खुर्ची टाकली, पोरांच्या तोंडासमोर. बाई मागच्या भिंतीला उभ्या.

त्यांनी पहिलं उदाहरण फळ्यावर लिहिलं. "एका ओळीत बारा रोपं. सात ओळी. त्यातली पाच रोपं वाळली."

फरहाननं लगेच लिहिलं. त्याच्यासारखी दोन-चार पोरंही लिहू लागली. बाकीची हलेनात. पेन्सिल हातात, डावा हात मांडीवर उपडा, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. फळ्याकडं कुणी बघत नव्हतं. दुसरीपासून मी त्यांना एवढं पक्कं शिकवलं होतं. हणमंतरावांनी घड्याळ पाहिलं. मागं बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

तोंडानं म्हणालो असतो, की मोजा रे, तर कुणी विश्वास ठेवला नसता. त्यांच्या जागी मीही ठेवला नसता.

मी उजवा हात वर केला, सगळ्यांना दिसेल असा, तळवा त्यांच्याकडं. अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. सावकाश, चारी बोटं. बारा झाल्यावर डाव्या हाताचं एक बोट दुमडलं, साऱ्या वर्गासमोर, आणि पुन्हा पहिल्या पेरावर आलो.

तिसऱ्या घराला एका पोरीचा हात उताणा झाला. मग तिच्या शेजारचा. सुकन्या शेवटपर्यंत माझ्या हाताकडं बघत होती. मग तिनं मान खाली घातली आणि लिहिलं. तिचा हात मांडीवर उपडाच होता.

एकोणीसपैकी सतरा जणांचं एकोणऐंशी बरोबर आलं. पुढची नऊ उदाहरणंही तशीच गेली. जे दोघं चुकले त्यांना हणमंतरावांनी विचारलं, कसं काढलंस, आणि दोघांनी सांगता सांगता स्वतःच दुरुस्त केलं.

हणमंतरावांनी बाईंच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात 'समाधानकारक, शिफारस' असं लिहिलं. माझ्याकडून तीन दिवसांत खुलासा मागितला. देईन. बाईंनी पेटी उघडली आणि वर्ग पुढं सुरू केला. माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

फरहानबद्दल मात्र मला अजून थोडी शंका आहे. एवढं भराभर कसं येतं याला?

संध्याकाळी ओसरीच्या आत बसलो होतो, चपला दारातच. शाळा सुटल्यावर मी स्कुटीवर पुढं आलो होतो. गल्लीतून सुकन्याचं गुणगुणणं ऐकू आलं. इतके दिवस ती काय गुणगुणते ते मी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. बाराचा पाढा होता. बारा पंचे साठ, बारा सक बहात्तर. दाराशी आली. चपला पाहिल्या. आवाज थांबला.

मी आत श्वास धरून बसलो.

"बारा साते चौऱ्याऐंशी," ती म्हणाली, आणि चपला काढून आत आली.